रामगिरीचे पाणी: रामटेकची तीर्थव्यवस्था आणि निसर्ग पर्यटनाचा प्रश्न

नागपूरच्या ईशान्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेली रामटेकची टेकडी आज तीन निरनिराळ्या प्रकारच्या प्रवाशांना तीन निरनिराळ्या रूपांत भेटते. रामभक्तांसाठी ती रामचंद्रांच्या चरणस्पर्शाने पावन झालेले तीर्थ आहे, इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ती वाकाटक राजवटीच्या धार्मिक जीवनाचे केंद्र आहे, आणि रविवारी शहरातून बाहेर पडणाऱ्या नागपूरकरांसाठी ती खिंडसीच्या जलाशयाला आणि पेंचच्या जंगलाला जोडून येणारे सहलीचे ठिकाण आहे. निसर्गाच्या सान्निध्यात वसलेल्या पवित्र स्थळांवर पर्यटन कसे असावे, हा अलीकडे जगभर चर्चिला जाणारा प्रश्न रामटेकलाही लागू पडतो. मात्र त्याचे उत्तर शोधताना या स्थळाचा निसर्ग मुळात टिकला कसा, हे आधी समजून घ्यावे लागते. रामटेक हे माणसाचा हात न लागलेले अरण्य कधीच नव्हते. येथील डोंगर, पाणी, मळे आणि देवळे दीड हजार वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या आधाराने घडत आली, आणि त्यांचा परस्परसंबंध तुटत गेला तो मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांत.

‘निसर्ग पर्यटन’ ही संज्ञा तशी नवी आहे. मेक्सिकोतील वास्तुविशारद हेक्टर सेबायोस-लास्कुराईन यांनी १९८३ च्या सुमारास तिचे इंग्रजी रूप प्रचारात आणले आणि १९९० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग पर्यटन संस्थेने तिची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात पर्यावरणाचे रक्षण आणि स्थानिक लोकांचे कल्याण या दोन अटी केंद्रस्थानी ठेवल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष या विषयाला वाहिले. पवित्र नैसर्गिक स्थळांचा, म्हणजे ज्या डोंगर, नद्या, झरे, तलाव वा वनखंडांना एखादा समाज देवत्वाच्या भावनेने जपतो त्यांचा, स्वतंत्र विचार आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ आणि युनेस्को यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत झाला. स्थळाच्या परंपरागत राखणदारांना निर्णयात स्थान द्यावे आणि भाविकांच्या प्रवेशाचा मान राखावा, असा त्या तत्त्वांचा रोख आहे. महाराष्ट्रात याआधीच, १९७० च्या दशकात, माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून देवाच्या नावाने राखलेल्या वनखंडांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले होते.

देवराईचा हा नमुना रामटेकला जसाच्या तसा लागू होत नाही. देवराईत मुख्य नियम निषेधाचा असतो: कुऱ्हाड चालवायची नाही, फांदी तोडायची नाही, काही ठिकाणी तर वाळलेले लाकूडही उचलायचे नाही. रामटेकच्या पावित्र्याचा गाभा मात्र पाण्याशी संबंधित कृतींमध्ये आहे. स्नान करणे, घाट बांधणे, गाळ काढणे, पाणी अडवणे आणि त्या पाण्यावर मळे पिकवणे या कृतींनी ते तीर्थ उभे राहिले. म्हणून तेथील निसर्गाचा इतिहास बहुतांशी त्याच्या पाण्याचा इतिहास आहे.

इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांची सत्ता होती आणि त्यांच्या ज्येष्ठ शाखेची राजधानी नंदिवर्धन ही रामटेकपासून अवघ्या काही किलोमीटरांवरील नगरधन येथे होती, असे अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला होता. पतीच्या अकाली निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्रांच्या नावाने राज्यकारभार सांभाळला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून, म्हणजे रामगिरीवरील देवाच्या चरणांपाशी, दिलेला आहे. त्यावरून या टेकडीवर त्या काळी विष्णूच्या पदचिन्हांची पूजा होत होती, हे दिसते. डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, आणि ताम्रपटांवरून ठाऊक असलेल्या या राणीचा प्रत्यक्ष पुरावा राजधानीच्या मातीतून हाती आला.

टेकडीवरील केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रम, वराह, भोगराम आणि गुप्तराम या वास्तू आणि मूर्ती वाकाटककालीन वैष्णव पूजेची साक्ष देतात. त्यांपैकी केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख भिंतीवरील लेपाखाली दीर्घकाळ दडलेला होता. १९८० च्या दशकात तो प्रकाशात आला आणि अ. प्र. जामखेडकर, तसेच पुढे हान्स बाकर आणि हारुनागा आयझॅकसन यांनी त्याचे वाचन केले. लेख बराच झिजलेला असला तरी प्रभावतीगुप्तेच्या कन्येने मातेच्या पुण्यासाठी केलेल्या धर्मकार्याचे वर्णन त्यात आहे आणि त्या कार्यांत सुदर्शन नावाच्या जलाशयाचाही समावेश आहे. देऊळ आणि तलाव ही एकाच पुण्यकर्माची दोन अंगे मानली जात, हे या लेखातून कळते. देवाला स्थान देणे आणि माणसाला पाणी देणे हे त्या काळच्या दात्यांना वेगळे वाटत नव्हते, आणि रामगिरीच्या पुढील साऱ्या इतिहासाचा पाया याच समजुतीवर रचला गेला.

कालिदासाच्या ‘मेघदूत’ काव्यातील रामगिरी म्हणजेच रामटेक, असे मत नागपूरचे थोर प्राच्यविद्यापंडित वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. छत्तीसगडमधील रामगढच्या बाजूने मत देणारे अभ्यासकही आहेत. हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षणीय ठरते. काव्याच्या आरंभीच कवीने या डोंगराची ओळख सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले पाणी आणि दाट सावलीची झाडे या दोन खुणांनी करून दिली आहे, आणि उतारावरील रामाच्या पाऊलखुणांचा उल्लेख त्यानंतर येतो. पाणी, सावली आणि पदचिन्हे या तिन्हींचे एकत्र असणे हेच या स्थळाचे सर्वांत जुने साहित्यिक वर्णन आहे. या परंपरेच्या स्मरणार्थ टेकडीवर कालिदास स्मारक उभारण्यात आले आणि १९९७ मध्ये रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाची स्थापना झाली.

वाकाटकांनंतर सुमारे आठ शतकांनी, देवगिरीच्या यादवांपैकी रामचंद्र राजाच्या काळात, टेकडीवरील लक्ष्मण मंदिरात एक मोठा शिलालेख कोरला गेला. आज खंडित अवस्थेत असलेल्या या लेखात टेकडीला सिंदूरगिरी आणि तपोगिरी अशी नावे दिली असून तेथील देवांबरोबरच सभोवतालच्या तीर्थांचीही माहिती येते. तीर्थ या शब्दाने येथे मुख्यतः कुंड, तलाव वा झरा असे स्नानाचे स्थान अभिप्रेत आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूचा वध केला तेव्हा उडालेल्या रक्ताने डोंगराचा दगड लाल झाला, ही सिंदूरगिरी नावामागची कथा आहे. शंबूकाच्या तपश्चर्येची कथाही याच डोंगराशी जोडली गेली आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या अंबाळा तलावाच्या पाण्याने अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. अशा कथांनी डोंगराचा प्रत्येक कोपरा आणि पाण्याचा प्रत्येक साठा एका ओळखीच्या क्रमात बसवला, आणि यात्रेकरूने कोठून सुरुवात करावी, कोठे थांबावे आणि कोठे स्नान करावे हे त्या क्रमातूनच ठरत गेले. याच यादवकाळाशी कर्पूर बावलीही जोडली जाते. पायऱ्यांची ही विहीर आणि तिच्या काठचे मंदिर पाणी आणि पूजा एकत्र बांधण्याच्या त्या दृष्टीचे चांगले उदाहरण आहे.

हे स्थळ एकाच पंथाचे कधी राहिले नाही. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे भोगराम मंदिराला विशेष स्थान आहे. पायथ्याशी शांतिनाथांची भव्य मूर्ती असलेले दिगंबर जैन अतिशयक्षेत्र आहे, आणि आचार्य विद्यासागर यांच्या चातुर्मासांमुळे त्याची कीर्ती देशभर पसरली. पवित्र स्थळाच्या व्यवस्थापनाचा विचार करताना ‘स्थानिक समाज’ असा एकसंध घटक गृहीत धरला जातो, पण रामटेकला तसा एकच समाज नाही. येथे वारकरी, महानुभाव, जैन, आसपासच्या गावांतील शेतकरी, आदिवासी आणि नागपूरहून येणारे भाविक असे हक्क सांगणारे अनेक गट आहेत, आणि त्या प्रत्येकाचा मार्ग आणि मोसम वेगळा आहे.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी रामटेकला आजचे दृश्य रूप दिले. पहिले रघूजी भोसले यांनी देवगडच्या गोंड राज्याचा कारभार आपल्या हाती घेतल्यानंतर रामटेकच्या पूजेचा जीर्णोद्धार केला. सूर नदीच्या पात्रात सापडलेल्या मूर्तींची गडावर प्रतिष्ठापना झाल्याची परंपरा याच काळाशी निगडित आहे. गडाच्या तटबंदीतून वर जाताना वराह, सिंहपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडावे लागतात. अंबाळ्याच्या काठी दगडी घाट आणि देवळांची रांग उभी राहिली, आणि तलावापासून गडापर्यंत पायऱ्यांची वाट बांधली गेली. यात्रेचा शिष्टसंमत क्रम असा होता की भाविकाने प्रथम अंबाळ्यात स्नान करावे, ओल्या पायांनी चढण चढावी, वाटेतल्या देवांचे दर्शन घ्यावे आणि मग रामाच्या गाभाऱ्यापुढे उभे राहावे. वराहाच्या मूर्तीखालून सरपटत पलीकडे जाणारा पापमुक्त होतो, या समजुतीमुळे तेथेही पावले थांबत. शारीरिक कष्ट, वेळ आणि थांबे यांनी बनलेला हा क्रम गर्दीला आपोआप पसरवत असे, आणि एका जागी पडणारा भार कमी करत असे.

कार्तिकी पौर्णिमेची यात्रा हा या व्यवस्थेचा वार्षिक कळस होता आणि आजही आहे. त्या रात्री गडावरील मंदिराच्या शिखराशी देवाचा पीतांबर जाळून त्रिपुर उजळला जातो, आणि पायथ्याशी जमलेला समुदाय त्या ज्वाळेकडे पाहून हात जोडतो. पाऊस संपून तलाव भरलेले, भात पक्व झालेले आणि रस्ते वाळलेले असतात, अशा वेळी ही यात्रा येते. धान, गुरे, भांडी आणि कापड यांचा बाजार तिच्या सोबतीने भरत असे. रामनवमीचा दुसरा मोठा उत्सव उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. वर्षातील थोडे दिवस मोठी गर्दी आणि उरलेले दिवस तुरळक वर्दळ, अशी ही लय होती. त्या मधल्या काळात घाट धुतले जात, गवत उगवे, आणि डोंगराला विसावा मिळे.

पाण्याच्या या व्यवस्थेवर एक पूर्ण व्यवसायही उभा होता. रामटेकचे पानमळे नागपूर जिल्ह्यात प्रसिद्ध होते आणि तेथील कपुरी पानाला बाजारात मान होता. नागवेल ही फार नाजूक वेल असते. तिला सतत ओल लागते, पण साचलेले पाणी चालत नाही, आणि कडक ऊन व उष्ण वारा यांपासून तिला आडोसा लागतो. म्हणून बारी समाजातील मळेवाले बांबू आणि गवताचे उंच कूड उभारून त्यांच्या आत वेली वाढवत, आणि दर काही दिवसांनी कळशीने पाणी घालत. या समाजात नागपंचमीला विशेष महत्त्व आहे, आणि नागवेलीला देवतेचा मान दिला जातो. डोंगरावरून झिरपून येणारे आणि तलावांत साठणारे पाणी टिकवण्यात या मळेवाल्यांचा थेट स्वार्थ होता. त्यामुळे तलावाची निगा हा केवळ देवस्थानाचा विषय राहत नसे. पूर्व विदर्भात गोंड राजवटीपासून चालत आलेल्या आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेकडो जलसाठ्यांमागेही असाच हिशेब होता. मालगुजार, म्हणजे सरकारला सारा भरणारा गावाचा प्रमुख, आणि गावकरी यांच्या परस्पर देणेघेण्यातून पाळू, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त होई आणि गाळ निघे. 

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले यांचे निधन झाल्यावर नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. १८६७ मध्ये रामटेकला नगरपालिका आली. यानंतरच्या अर्धशतकात या परिसराची विभागणी झपाट्याने झाली. डोंगर आणि जंगल वनखात्याच्या नोंदीत गेले, गावठाण नगरपालिकेकडे गेले, आणि भूगर्भातील संपत्ती खाणमालकांच्या हाती आली. रामटेकपासून जवळच असलेल्या मनसरचा खडक सौसर या प्राचीन खडकसमूहाचा भाग असून त्यात मँगनीजचे समृद्ध साठे आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तेथे खाणकाम सुरू झाले, आणि मध्य प्रांतातील पहिल्या मँगनीज खाणींत मनसरची गणना होऊ लागली. आज ती खाण १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॉयल या सरकारी कंपनीकडे आहे. त्याच मनसरच्या हिडिंबा टेकडीवर पुढे झालेल्या उत्खननात वाकाटककालीन भव्य वास्तूंचे अवशेष मिळाले, आणि काही अभ्यासकांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर येथेच असल्याचे मत मांडले. एकाच खडकाकडे खाणखाते आणि पुरातत्त्वखाते निरनिराळ्या नजरेने पाहू लागले, हे या विभागणीचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

पाण्याच्या बाबतीतही तसेच घडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, आणि त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाच्या (१९०१-०३) विचारांना अनुसरून सरकारने प्रांतात तलावांची कामे हाती घेतली. सूर नदीवर बांधलेला आणि १९१३ मध्ये पूर्ण झालेला रामटेकचा मोठा जलाशय, म्हणजेच लोकभाषेतील खिंडसी तलाव किंवा रामसागर, हे त्याचेच फळ होय. धानाला पाणी देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. वाकाटक राणीच्या कन्येने तलाव बांधला तेव्हा ते पुण्यकर्म मानले गेले, तर ब्रिटिश अभियंत्याने बांधला तेव्हा ती महसुलाची आणि दुष्काळनिवारणाची योजना होती. दोन्ही तलावांनी लोकांचे भले केले, तरी दुसऱ्या तलावाबरोबर पाण्याचा मालक बदलला: घाट, स्नान आणि पूजा यांचा त्याच्याशी संबंध उरला नाही, आणि निगा ही खात्याच्या अंदाजपत्रकातील बाब झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशात, ज्यात त्या वेळी नागपूर मोडत होते, मालगुजारी संपुष्टात आली. जमीनदारीतील अन्याय संपवण्यासाठी ते आवश्यकच होते. पण मालगुजारी तलाव सरकारजमा झाल्यावर त्यांची निगा राखणारी गावपातळीवरची जुनी घडी विस्कटली आणि तिच्या जागी नवी घडी बसायला वेळ लागला.

आजच्या पर्यटनाचा उदय या विभागलेल्या भूमीवर झाला. रामटेकच्या उत्तरेस पसरलेल्या पेंचच्या अरण्याला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही महिने बंदी घातली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ती उठवली. तेव्हापासून पेंचमध्ये प्रवेशद्वार, वाहनांची संख्या, मार्गदर्शकाची सक्ती आणि पावसाळ्यातील बंद यांचे काटेकोर नियम आहेत. २०२४ मध्ये पेंच हे रात्रीच्या काळोख्या आकाशासाठी मान्यता मिळालेले देशातील पहिले उद्यान ठरले. याउलट, त्याच रस्त्यावर असलेल्या रामटेकला अशा कोणत्याही मर्यादा नाहीत. गडाजवळपर्यंत मोटार जाते, खिंडसीत नौकाविहार चालतो, आणि सुट्टीच्या दिवशी येणाऱ्यांपैकी अनेकांचा दिवस अंबाळ्याकडे न फिरकताच संपतो.

मोटाररस्त्याने यात्रेचा जुना क्रम उलटा केला, ही या संपूर्ण बदलातील कळीची बाब आहे. स्नानापासून गाभाऱ्यापर्यंत पायऱ्यांनी जोडलेली वाट मागे पडली, आणि सारी गर्दी वाहनतळ व गडाचा वरचा भाग एवढ्याच पट्ट्यात एकवटली. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या तेथेच साचतात, आणि भाविकांच्या हातून खाद्य घेण्याला सरावलेली वानरे नैसर्गिक अन्नाऐवजी यात्रेकरूंवर अवलंबून राहतात. दुसरीकडे अंबाळ्याकडे मुख्यतः अस्थिविसर्जन आणि श्राद्धविधींसाठी लोक येऊ लागले. वाहते पाणी नसलेल्या लहानशा तलावात राख, निर्माल्य आणि पिंड यांचा भार वाढत गेला, पण गाळ काढण्याची पूर्वीची नियमितता राहिली नाही. धारणक्षमता, म्हणजे एखादे स्थळ आपली प्रकृती न बिघडवता किती माणसे आणि किती कृती सोसू शकते याची मर्यादा, ही संकल्पना निसर्ग पर्यटनाच्या शास्त्रात वारंवार वापरली जाते. रामटेकच्या बाबतीत ही मर्यादा माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मार्गावर आणि मोसमावर अधिक अवलंबून आहे, असे त्याचा इतिहास सुचवतो.

श्रद्धा आणि संरक्षित अरण्य यांचा मेळ घालण्याचे इतर अनुभव नागपूरकरांना अपरिचित नाहीत. सातपुड्यातील पचमढीजवळची नागद्वार यात्रा श्रावणात नागपंचमीच्या सुमारास भरते, आणि तिला जाणाऱ्यांत विदर्भातील, विशेषतः नागपूर परिसरातील, भाविक मोठ्या संख्येने असतात. आज ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जाते, म्हणून ती वर्षातून केवळ त्या थोड्या दिवसांसाठी खुली होते; डोंगरदऱ्यांतून पायी जाणे, ठरलेल्या मुक्कामांवर थांबणे आणि विदर्भातील मंडळांनी चालवलेल्या भोजनाच्या पंगतींत जेवणे हाच तिचा रिवाज आहे. भर पावसातील ही गर्दी जंगलावर ताण टाकतेच, आणि तिच्यामागे राहणारा कचरा ही वनखात्याची दरवर्षीची डोकेदुखी आहे. तरीही काळाची मर्यादा श्रद्धेने आणि कायद्याने एकाच वेळी मान्य केल्यामुळे उरलेले वर्षभर ते रान शांत राहते. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा तलावाच्या काठी असलेले तारू देवाचे ठाणे हे दुसरे उदाहरण आहे. तेथील अरण्याला नावच त्या देवाने दिले, आणि पौष महिन्यात आदिवासी भाविक तेथे पूजेला जात. अभयारण्याचे नियम कडक झाले तसा भाविकांचा प्रवेश आणि पर्यटकांच्या वाहनांचा प्रवेश यांच्यातील तफावत वादाचा विषय बनली. ज्या देवामुळे अरण्य राखले गेले त्याच्या भक्ताला दाराशी थांबवून पर्यटकाला आत सोडले, तर संरक्षणाचा नैतिक आधारच कमजोर होतो.

कायद्याची दृष्टीही या दिशेने सरकत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली; २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डोंगराशी जोडलेल्या धार्मिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला; आणि डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील ओरण, म्हणजे देवाच्या नावे राखलेल्या वनभूमी, यांच्या संरक्षणाबाबत निकाल देताना देशभरातील अशा स्थळांसाठी धोरण आखण्याची गरज त्याच न्यायालयाने व्यक्त केली. रामटेकची टेकडी या कोणत्याही चौकटीत पूर्णपणे बसत नाही, कारण ती देवराई नाही, व्याघ्र प्रकल्पही नाही. तिच्या मंदिरांभोवती १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या धर्तीवरील नियमांचा प्रश्न येतो, तलावांना सिंचन आणि नगरपालिकेचे नियम लागू होतात, आणि डोंगरउताराला वनखात्याचे. यांपैकी प्रत्येक यंत्रणेला आपला तुकडा दिसतो. पाणी मात्र एका तुकड्यातून दुसऱ्यात वाहत राहते.

म्हणून रामटेकच्या निसर्ग पर्यटनाची शक्यता नव्या आकर्षणांच्या उभारणीत शोधणे चुकीचे ठरेल. तिचा पहिला आधार जुन्या वाटेचे पुनरुज्जीवन हा आहे. अंबाळ्यापासून सुरू होणारी पायऱ्यांची वाट स्वच्छ, सावलीची आणि सुरक्षित केली, वाहनतळ टेकडीच्या खाली ठेवला आणि चालण्यास असमर्थ असणाऱ्यांसाठी छोट्या वाहनांची सोय केली, तर गर्दी पुन्हा पसरेल, आणि प्रवासी वाकाटक शिल्पे व तीर्थे त्यांच्या मूळ क्रमाने पाहू शकतील. दुसरा आधार स्थानिक जाणकारांचा आहे: संस्कृत विद्यापीठातील विद्यार्थी, गडावरील पुजारी, महानुभाव आणि जैन परंपरेतील अभ्यासू आणि पानमळ्यांची विद्या जाणणारे वृद्ध यांना मार्गदर्शक म्हणून मानधन मिळाले, तर पेंचच्या प्रवेशद्वारांवर आदिवासी तरुणांना मिळालेल्या रोजगारासारखाच, पण अधिक सखोल ज्ञानावर आधारलेला, रोजगार येथे उभा राहू शकतो. पानमळ्यांना भेट देण्याची सोय झाली, तर कमी होत चाललेल्या या लागवडीला विक्रीखेरीज दुसरे उत्पन्न मिळेल आणि पर्यटकाला तलावाचे पाणी पिकात कसे उतरते हे प्रत्यक्ष कळेल.

तिसरा आणि सर्वांत अवघड आधार खर्चाच्या प्राधान्याचा आहे. तीर्थक्षेत्र विकासाच्या योजनांत कमानी, दिवे आणि बांधकाम यांकडे पैसा सहज वळतो, कारण ती कामे एकदा होतात आणि ठळक दिसतात. गाळ काढणे, निर्माल्य वेगळे करणे, विधींसाठी तलावाशेजारी स्वतंत्र कुंड बांधून त्याचे पाणी शुद्ध करणे आणि डोंगरउतारावरील झाडोरा जपणे ही कामे मात्र दरवर्षी करावी लागतात आणि उद्घाटनाला उपयोगी पडत नाहीत. येथे इतिहासाची साक्ष स्पष्ट आहे. रामगिरीच्या प्रत्येक भरभराटीच्या काळात, मग तो वाकाटकांचा असो, यादवांचा असो वा भोसल्यांचा, देवस्थानावरील खर्चात पाण्यावरील खर्च अंतर्भूत होता, आणि ज्या काळात हे दोन खर्च वेगळ्या हातांत गेले त्या काळापासून अंबाळ्याची दुरवस्था सुरू झाली.

या तिन्ही आधारांना एकत्र बांधण्यासाठी मंदिर, नगरपरिषद, वन, पुरातत्त्व, पाटबंधारे आणि आसपासच्या ग्रामसभा यांचे एक संयुक्त मंडळ लागेल, आणि त्याला पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा पाणी आणि डोंगर यांच्या निगेसाठी कायद्याने राखून ठेवण्याचा अधिकार असावा लागेल. असे मंडळ उभारणे सोपे नाही, कारण प्रत्येक यंत्रणेला आपला अधिकार थोडा सोडावा लागेल, आणि भाविकांनाही अस्थिविसर्जन, वानरांना खाऊ घालणे आणि गडावर थेट वाहन नेणे यांसारख्या सवयी बदलाव्या लागतील. मात्र रामटेकच्या परंपरेत अशा बदलाला जागा आहे. येथील पावित्र्य निषेधाने नव्हे तर कर्तव्याने जपले गेले आहे. तलाव बांधणारा आणि त्याचा गाळ काढणारा हे दोघेही पुण्याचे धनी मानले गेले आहेत. येणाऱ्या पर्यटकाकडून या कर्तव्याचा वाटा पैशाच्या, श्रमाच्या किंवा संयमाच्या रूपाने घेता आला, तर निसर्ग पर्यटन ही बाहेरून आलेली संकल्पना येथील तीर्थव्यवस्थेचाच पुढचा टप्पा ठरेल. अन्यथा ती खिंडसीच्या काठावरील आणखी एक करमणूक म्हणून उरेल, आणि अंबाळा मात्र अधिकच गढूळ होत जाईल.